खालचं मार्जिन १८, वरचं १२, मग मधली जागा ३० का होत नाही?

जुळारी · रविवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. मी मूळचा छपाईतला माणूस. वडिलांच्या ट्रेडल मशीनशेजारी बसून खिळे जुळवत मोठा झालो, मग पेजमेकर आलं, मग इनडिझाइन, सध्या सांगलीत लग्नपत्रिका, अहवाल, बिलबुकं असली कामं करतो. आमच्या पेठेतल्या वाचनालयाने दिवाळी अंकातले निवडक लेख वेबवर टाकायचं मनावर घेतलंय आणि काम आलं माझ्या गळ्यात, का तर म्हणे तुम्हाला कॉम्प्युटर येतो. एचटीएमएल शिकलो, ते सोपं गेलं. सीएसएसने (पानाचं रूप ठरवणारी भाषा) मात्र तीन दिवस झोप उडवलीय. (कोडसुद्धा देवनागरीतच लिहितोय, मोबाइलवर आहे, समजून घ्या.)

पहिली गंमत. परिच्छेदाला वर १२ पिक्सेल आणि खाली १८ पिक्सेल मार्जिन दिलं. इनडिझाइनला स्पेस बिफोर आणि स्पेस आफ्टर दिलं की दोघांची बेरीज होते, म्हणजे ३० व्हायला पाहिजे. इथे स्क्रीनशॉट काढून कोरलमध्ये मोजलं तर १८ च. वरचे १२ गेले कुठं?

दुसरी त्याहून भारी. लेखाच्या डब्याला फिकट केशरी रंग दिलाय आणि आत सगळ्यात वर शीर्षक. ते डब्याच्या काठाला चिकटलं होतं म्हणून त्याला मार्जिन-टॉप ४० दिलं, तर शीर्षक काठाला चिकटलेलं तसंच राहिलं आणि अख्खा डबाच ४० ने खाली घसरला, वर पांढरी पट्टी. म्हटलं डब्याची हद्द तरी नीट दिसू दे, म्हणून एक पिक्सेलची लाल बॉर्डर टाकली, तर पट्टी गायब! शीर्षक बरोबर ४० खाली. बॉर्डर काढली की पट्टी परत हजर. पाच वेळा करून बघितलं, बायको म्हणाली झोपा आता.

तिसरं म्हणजे मोबाइलवर पान आडवं सरकतंय. डब्याला विड्थ १०० टक्के आहे, शंभराच्या वर जाईलच कसं?

आगाऊ_पाहुणा · रविवार, रात्री ११.३२

ओव्हरफ्लो हिडन टाका आणि झोपा. नाहीतर बूटस्ट्रॅप घ्या, तयार सीएसएसचा संच आहे. २०२५ उलटून गेल्यावर हाताने सीएसएस कोण लिहितं?

बांधावरचा · सोमवार, सकाळी ७.०५

जुळारी, तुमचा हिशेब चुकलेला नाही, सीएसएसचा हिशेबच वेगळा आहे. याला मार्जिन कोलॅप्स होणं म्हणतात. माझं गाव कराडकडचं, आमच्या भाषेत सांगतो. दोन शेतांच्या मधे बांध एकच असतो. तुम्हाला चार फूट बांध पाहिजे आणि शेजाऱ्याला दोन फूट, म्हणून कोणी सहा फुटांचा बांध घालत नाही, चार फुटांचा घातला की दोघांचं भागतं. वरच्या परिच्छेदाने खाली १८ मागितले, खालच्याने वर १२ मागितले, मधे एकच बांध, मोठ्याचं ऐकलं, १८.

हे फक्त उभ्या दिशेला हं. डावी-उजवी मार्जिनं कधीच अशी एकात एक जात नाहीत. आणि पॅडिंग, म्हणजे काठ आणि मजकूर यांच्या मधली जागा, तर कुठल्याच दिशेला जात नाही, ते तुमच्या शेताच्या आतलं, सातबारा तुमचा.

आगाऊ_पाहुणा · सोमवार, सकाळी ९.१५

कुठल्या गावात चार फुटी बांध राहिलाय हो? आमच्याकडे शेजारी दर पेरणीला नांगराने वीतभर कोरतो.

बांधावरचा · सोमवार, सकाळी ९.४०

तेही आहे की सीएसएसमध्ये. निगेटिव्ह मार्जिन म्हणजे बांध कोरणंच. वरच्याचं खालचं मार्जिन ३० आणि खालच्याचं वरचं उणे १० असेल तर मधे २० उरतात. सगळ्यात मोठं धन आणि सगळ्यात मोठं ऋण घेऊन त्यांची बेरीज, असा नियम आहे. दोन्ही ऋण असतील तर जो जास्त कोरतो त्याचं चालतं. कोर्टात जायची सोय नाही एवढाच फरक.

जुळारी · सोमवार, दुपारी ३.२०

बांध कळला. पण खिळ्यांच्या जमान्यात असं नव्हतं हो, शिशाची पट्टी टाकली तर टाकली, दोन टाकल्या तर दोघींची जाडी. असो.

पाहुण्यांचा सल्ला ऐकून ओव्हरफ्लो हिडन टाकलं, आणि काय झालं ते सांगतो. पांढरी पट्टी आहे तिथेच आहे. वर शीर्षकाची वाट लागली. लेखाचं नाव आहे "कृष्णेच्या पुरातली वर्षं", २००५ आणि २०१९ च्या पुरावर आमच्या एका जुन्या सभासदाने लिहिलाय. आता स्क्रीनवर कृ चा ऋकार तुटला, पु चा उकार गेला आणि वर्षंवरचा रफार अर्धा कापला. वाचलं तर "कष्णेच्या परातली". लेखक रोज संध्याकाळी वाचनालयात येतात. त्यांनी बघायच्या आत काहीतरी सांगा.

वेलांटी · सोमवार, रात्री ९.५०

काका, परातली वाचून ऑफिसच्या बसमध्ये एकटीच हसले, सॉरी. मी पुण्यात फ्रंटएंडचं काम करते आणि मराठी साइट्स बऱ्याच केल्यात त्यामुळे हे दोन्ही आजार ओळखीचे आहेत, जरा सविस्तर लिहिते.

आधी पांढरी पट्टी. भूत नाहीये, सकाळी बांधाचं जे सांगितलं त्याचंच पुढचं पाऊल आहे. कोलॅप्स फक्त शेजाऱ्या-शेजाऱ्यांत होत नाही, आईबाप आणि पहिल्या मुलातही होतो. तुमच्या डब्याचं वरचं मार्जिन शून्य आणि आतल्या शीर्षकाचं ४०, आणि दोघांच्या मधे काहीही नाही, ना बॉर्डर, ना पॅडिंग, ना एखादं अक्षर. मग ब्राउझर म्हणतो ही दोन्ही मार्जिनं एकमेकांना टेकलेलीच आहेत, एकच धरतो, आणि ते एकत्र झालेलं ४० डब्याच्या बाहेर पडतं. रंग डब्याच्या आतच लागतो, मार्जिन नेहमी बिनरंगाचं, म्हणून वर पांढरं. तुम्ही लाल बॉर्डर टाकलीत तेव्हा दोघांच्या मधे एक पिक्सेलची भिंत उभी राहिली, टेकणं संपलं, शीर्षकाचं मार्जिन आत अडकलं. बॉर्डर काढली की भिंत गेली. तुम्ही नकळत योग्य प्रयोग केला होता, फक्त निष्कर्षापर्यंत पोचायच्या आत काकूंनी झोपायला पाठवलं.

शेवटच्या मुलाचं खालचं मार्जिनही असंच खालून बाहेर पडतं, डब्याला ठरावीक उंची वगैरे दिली नसेल तर. तळाला बघा, तिथेही तुमचा केशरी रंग शेवटच्या ओळीला घासून संपत असणार.

आता उपाय. सगळ्यात साधा आणि माझ्या मते बरोबर उपाय म्हणजे डब्याला पॅडिंग द्या आणि शीर्षकाचं वरचं मार्जिन शून्य करा. काठापासून आत किती जागा सोडायची हा डब्याचा प्रश्न आहे, शीर्षकाचा नाही. उद्या शीर्षकाच्या वर एखादं चित्र टाकलंत तरी जागा तशीच राहील. पॅडिंग नकोच असेल तर डब्याला डिस्प्ले फ्लो-रूट द्या, त्याचं कामच हे आहे, आतली मार्जिनं आत ठेवणं, आणि त्याचा दुसरा काही त्रास नाही.

ओव्हरफ्लो हिडननेही हेच साधतं, पूर्वी आम्ही सगळे तेच वापरायचो, पण ते डब्याला द्यायचं असतं. तुम्ही शीर्षकाला दिलंत ना? शीर्षकाला दिलं तर त्याच्या पोटातली मार्जिनं आत राहतात, त्याचं स्वतःचं मार्जिन डब्यातून बाहेर पडायचं ते पडतंच. वर त्याच्या चौकटीबाहेर आलेलं सगळं कापलं जातं. आणि शीर्षकाची लाइन-हाइट, म्हणजे अक्षराच्या मापाच्या किती पट ओळीची उंची, किती ठेवलीय? माझी पैज, १ किंवा त्याहून कमी.

जुळारी · सोमवार, रात्री १०.०५

०.९. एका इंग्रजी टेम्प्लेटमधून उचललं होतं. ओव्हरफ्लो शीर्षकालाच दिलं होतं, तेही बरोबर ओळखलंत.

वेलांटी · सोमवार, रात्री १०.४०

तेच. रोमन लिपीत मोठ्या शीर्षकाला ०.९, १ चालून जातं, कारण अक्षराच्या वरखाली फार काही लोंबत नाही. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, त्यावर अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय ष्ण सारखी जोडाक्षरं. एवढ्या मजल्यांच्या इमारतीला ०.९ म्हणजे गच्ची आणि तळघर दोन्ही उडवलंत. ओव्हरफ्लो व्हिजिबल असेपर्यंत अक्षरं चौकटीबाहेर येऊन का होईना दिसत होती, हिडन केलं आणि कात्री लागली. देवनागरी शीर्षकाला मी १.३ च्या खाली जात नाही आणि मजकुराला १.६ ते १.८, फॉन्ट बघून. मुक्त नावाचा फॉन्ट वापरताना एक आकडा जमतो, नोटो सान्स देवनागरीला दुसरा, हे डोळ्यांनीच ठरवायचं.

अजून एक, ही तुमच्या कामाची गोष्ट आहे. शिशाची पट्टी तुम्ही ओळीच्या खाली टाकायचा ना? सीएसएस ती जास्तीची जागा अर्धी ओळीच्या वर आणि अर्धी खाली वाटतं. त्यामुळे लाइन-हाइट मोकळी ठेवलीत की पहिल्या ओळीच्या डोक्यावरही थोडी जागा येते, आणि डब्याचं पॅडिंग चारी बाजूंनी २० दिलं तरी डोळ्याला वर-खाली जास्त दिसतं, डावी-उजवीकडे कमी. वरचं-खालचं पॅडिंग चारपाच पिक्सेलने कमी ठेवायचं, की डोळ्याला सारखं वाटतं.

तिसरं, मोबाइलवरचं. विड्थ १०० टक्के म्हणजे फक्त मजकुराची रुंदी. पॅडिंग आणि बॉर्डर त्याच्या बाहेरून लागतात. ३६० चा मोबाइल, डावी-उजवीकडे २०-२० पॅडिंग, एकेक पिक्सेलची बॉर्डर, झाले ४०२. पान आडवं सरकणारच. खरं तर डिव्हसारखा ब्लॉक आपोआप पूर्ण रुंदी घेतो, त्याला १०० टक्के सांगायचीच गरज नसते, ती ओळ काढून टाका आणि बघा. शिवाय फाइलच्या सगळ्यात वर तारा-चिन्हाच्या सिलेक्टरला बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स द्या, बिफोर आणि आफ्टरच्या स्यूडो-एलिमेंटनाही. मग रुंदी म्हणजे बॉर्डरपासून बॉर्डरपर्यंतची, पॅडिंग त्यातून आत कापलं जातं. मार्जिन मात्र कशातच धरलं जात नाही, तेवढं लक्षात असू द्या.

निवृत्त_टॅग · मंगळवार, सकाळी ६.३०

बॉर्डर-बॉक्सचा विषय निघाला आणि जुनी जखम उघडली. पहिली सीएसएस शिफारस डिसेंबर १९९६ ची, त्यातच हे ठरलं होतं की रुंदी म्हणजे फक्त मजकुराची. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर (आयई) ५ ने मात्र पॅडिंग आणि बॉर्डर रुंदीच्या आत धरली. म्हणजे ३०० चा कॉलम, बाजूंना २०-२० पॅडिंग, असं लिहिलं की नेटस्केपच्या नव्या ब्राउझरात तो ३४० व्हायचा आणि आयईमध्ये ३००. सगळ्या जगाने आयईला शिव्या घातल्या, २००१ साली आयई ६ आलं, त्यात फाइलच्या डोक्यावर नीट डॉकटाइपची ओळ (पान कुठल्या नियमाने वाचायचं ते सांगणारी) लिहिली तर शिफारशीप्रमाणे हिशेब व्हायचा, न लिहिली तर जुनाच. एका ओळीसाठी अख्खं पान मोडायचं. आणि गंमत म्हणजे पुढे सगळ्यांनाच कळलं की भिंतीपासून भिंतीपर्यंत खोली मोजणं हेच माणसाला समजतं. वेब डेव्हलपर पॉल आयरिश यांनी २०१२ मध्ये सगळ्यालाच बॉर्डर-बॉक्स लावा असं लिहिलं आणि ती ओळ घरोघरी गेली. ज्याला शिव्या घातल्या त्याच हिशेबावर आज जग चाललंय. सीएसएसचे नियम ठरवणाऱ्या सीएसएस वर्किंग ग्रुपने स्वतःच्या विकीवर आपल्या चुकांची यादी ठेवलीय, त्यात बॉक्स-सायझिंग मुळातच बॉर्डर-बॉक्स हवं होतं असं कबूल केलंय, आणि मार्जिन कोलॅप्सवरही कबुली आहे.

आयई ६ चं आणखी एक होतं. फ्लोट लेफ्ट केलेल्या (डावीकडे लावून मजकूर बाजूने वाहवलेल्या) डब्याला डावीकडे १० मार्जिन दिलं की तो २० दाखवायचा. दुप्पट! उपाय काय, तर त्या डब्याला डिस्प्ले इनलाइन लिहायचं, ज्याचा फ्लोटवर एरवी काही परिणाम होत नाही. का चालायचं ते विचारायचं नाही, चालायचं. तेव्हाच्या ऑफिसात माझ्या साहेबांनी १० पिक्सेलच्या फरकासाठी डेमो अर्ध्यावर थांबवला होता आणि मी रात्री दोनपर्यंत बसलो होतो, ती ओळ सापडली तेव्हा बाहेर पेपरवाले गठ्ठे सोडत होते.

जुळारी · मंगळवार, दुपारी १.१५

वेलांटीताई, दंडवत. डब्याला पॅडिंग दिलं, शीर्षकाचं वरचं मार्जिन काढलं, ओव्हरफ्लो काढलं, लाइन-हाइट १.३५. पुरातली परत पुरातली झाली. विड्थची ओळ काढल्यावर मोबाइलवरचं सरकणंही थांबलं.

निवृत्त साहेब, डेमोवाल्या रात्री पोचल्या. आमच्याकडे पत्रिकेवर मुलीच्या आत्याचं नाव एक पॉइंट लहान आल्यामुळे पाचशे पत्रिका परत आल्यात.

आता अजून एक विचारू का, परिच्छेदांत ३० जागा मला खरंच हवी होती, १८ मध्ये कोंदट दिसतंय. तोवर मी दोन परिच्छेदांमधे बीआर टॅग (ओळ तोडणारा) टाकत होतो, चालेल ना?

वेलांटी · मंगळवार, दुपारी १.४०

काका नको!!! बीआर कवितेच्या ओळी आणि पत्त्यासाठी. जागा सोडायला बीआर म्हणजे लग्नपत्रिकेत जागा भरायला स्पेसबार दाबत सुटण्यासारखं, तुमच्या दुकानात पोराने असं केलं तर तुम्ही काय कराल?

सरळ खालचं मार्जिन ३० करा आणि वरचं शून्य. सगळ्या परिच्छेदांना एकाच दिशेने मार्जिन द्यायची सवय लावली की कोलॅप्सचा अर्धा ताप संपतो. बूटस्ट्रॅपवाले पण वरचं मार्जिन टाळा असंच सांगतात आणि त्यांच्या रीबूटमध्ये परिच्छेदाला फक्त खालचं ठेवलंय. आगाऊ पाहुण्यांनी बूटस्ट्रॅप वापरलं असेल तर त्यांना हे माहीत असेलच.

आगाऊ_पाहुणा · मंगळवार, दुपारी २.०२

माहीत होतं, विचारलं नाही कुणी.

कर्जत_लोकल · मंगळवार, संध्याकाळी ७.२५

मार्जिनच्या नादी लागताच कशाला. डब्याला डिस्प्ले फ्लेक्स, फ्लेक्स-डिरेक्शन कॉलम, गॅप ३०. विषय संपला. पूर्वी फ्लेक्समध्ये गॅप चालायचं नाही, फायरफॉक्सने २०१८ ला आणलं, क्रोमने २०२० ला, सफारीने २०२१ च्या एप्रिलमध्ये, त्याआधी आम्ही मुलांना मार्जिन आणि बापाला उणे मार्जिन असली कसरत करायचो. आता सगळीकडे आहे.

जुळारी · मंगळवार, रात्री १०.५०

लोकल साहेबांचं केलं. फ्लेक्स टाकलं, गॅप ३०. आता परिच्छेदांत किती जागा यावी? ६०! जुनं १२ आणि १८ काढायचं विसरलो होतो हे कबूल, पण ते तरी १८ व्हायला पाहिजे होते ना, म्हणजे ४८. इथे बेरीज झाली. तीन दिवस बेरीज मागत होतो तेव्हा दिली नाही, आता नको होती तेव्हा दिली.

बांधावरचा · मंगळवार, रात्री ११.१५

हाहा. फ्लेक्स आणि ग्रिडच्या आत मार्जिन कोलॅप्स होतच नाही. तिथे सामाईक बांध नाही, एनए प्लॉटसारखं प्रत्येकाने आपापली जागा सोडायची, ती सगळी मोजली जाते. १८ आणि १२ तीस, आणि गॅप ३०, साठ. फ्लोट, अॅब्सोल्यूट पोझिशन आणि इनलाइन-ब्लॉक यांची मार्जिनंही अशीच, एकमेकांत जात नाहीत. म्हणून चालू पानाला मधेच फ्लेक्स लावलं की सगळी अंतरं वाढल्यासारखी दिसतात आणि माणूस चक्रावतो.

पण जुळारी, लेखाच्या मजकुराला फ्लेक्स लावू नका असं माझं मत. लेखात मधे चित्र टाकून त्याला फ्लोट करून मजकूर बाजूने वाहवायचा असेल, छापील अंकात असतो तसा, तर फ्लेक्सच्या आत फ्लोट चालत नाही. लेख साध्या ब्लॉकमध्येच ठेवा, कोलॅप्स झालं तर होऊ द्या. लेखांची यादी, मेनू, खालची बटणं, या गोष्टी फ्लेक्स-ग्रिड आणि गॅपने करा.

कर्जत_लोकल · मंगळवार, रात्री ११.३०

हे मान्य. मी ॲप करतो, लेख नाही, फ्लोट लक्षातच आला नाही.

निवृत्त_टॅग · बुधवार, सकाळी ६.२०

कोलॅप्स का ठेवलं तेही नीट बघा. शीर्षकाला खाली मार्जिन, परिच्छेदाला वर आणि खाली, यादीलाही वर आणि खाली. ब्राउझर मुळातच परिच्छेदाला वर-खाली एक ईएम, म्हणजे अक्षराच्या मापाएवढी जागा, देतो. बेरीज करत बसलं असतं तर साध्या मजकुरात प्रत्येक दोन परिच्छेदांत दोन ईएमची दरी पडली असती. मजकुरासाठी नियम चांगलाच आहे हो. गडबड झाली ती ॲपसारख्या मांडणीला तोच नियम लागला तेव्हा. आणि एकाच रिकाम्या डब्याचं वरचं आणि खालचं मार्जिन आपापसांत मिसळतं, ते मात्र मलाही आजवर पटलेलं नाही.

मालेगावचा_मुशाफिर · बुधवार, दुपारी १२.१०

थोडं अवांतर. आमच्याकडे एकच पान मराठीत आणि उर्दूत लागतं. मराठीत यादीच्या डावीकडे ४० पॅडिंग असतं (तेही ब्राउझरच देतो), उर्दूत ते उजवीकडे हवं. सुरुवातीला दोन स्टाइलशीट ठेवल्या होत्या, एकीत लेफ्ट, दुसरीत राइट, दर बदल दोनदा. मग मार्जिन-इनलाइन-स्टार्ट, पॅडिंग-इनलाइन-एंड असं लिहायला लागलो. स्टार्ट म्हणजे जिथून ओळ सुरू होते ती बाजू, पानाला डीआयआर आरटीएल (ओळ उजवीकडून डावीकडे) दिलं की आपोआप पलटते. एकच फाइल पुरते. जुळारीभाई, तुम्हाला आज गरज नाही पण सवय लागली तर बरी.

शाईचा_डाग · बुधवार, दुपारी ४.४५

धागा वाचून मीही माझं दुखणं मांडतो. "वर्गणी भरा" असं बटण आहे, स्पॅनचं केलंय. वर-खाली २० मार्जिन दिलं तर काहीच होत नाही. पॅडिंग दिलं तर रंग पसरतो पण वरच्या ओळीवर चढतो. आणि अक्षरं बटणाच्या मधोमध आल्यासारखी वाटत नाहीत, इंग्रजी "पे नाऊ" केलं की नीट दिसतं.

वेलांटी · बुधवार, रात्री ९.१०

स्पॅन इनलाइन आहे, म्हणजे ओळीतल्या शब्दांसारखा. इनलाइनला वर-खाली मार्जिन लागूच होत नाही, आणि वर-खाली पॅडिंग रंगवलं जातं पण ओळीची उंची त्याने वाढत नाही, म्हणून ते शेजारच्या ओळीवर चढतं. डिस्प्ले इनलाइन-ब्लॉक करा, दोन्ही मिटेल. आणि खरं तर बटणच असेल तर बटण टॅग वापरा ना, कीबोर्डने पण चालेल.

मधोमधचं दुखणं लिपीचं आहे. ब्राउझर फॉन्टची पूर्ण उंची धरून मधे ठेवतो, आपला डोळा मात्र शिरोरेषा आणि अक्षराचं अंग बघतो. "वर्गणी भरा" मध्ये वर रफार आणि वेलांटी आहे, खाली काही लोंबत नाही, त्यामुळे वजन खाली बसल्यासारखं वाटतं. "पुढे" लिहिलं तर पुन्हा वेगळं. मी पॅडिंग ईएममध्ये देते, म्हणजे अक्षर मोठं केलं की जागाही त्याच प्रमाणात वाढते, आणि खालचं पॅडिंग वरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवते, ०.५ आणि ०.६ असं काहीतरी, मग नजरेला ठीक वाटतं. आता टेक्स्ट-बॉक्स नावाचं नवीन आलंय, सफारी १८.२ आणि क्रोम १३३ पासून, अक्षराच्या वरची-खालची फालतू जागा छाटतं, पण त्यात कापायची रेघ म्हणून रोमन कॅपिटलची उंची आहे, लहान एक्सची उंची आहे, शिरोरेषा नाही. कॅप लावून मराठी बटण करून बघा, मात्रा वरच्या काठाला जाऊन टेकतील.

बटण फार बारीकही नको. डब्ल्यूसीएजी २.२ (वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणूनचे निकष) मध्ये बोट टेकायच्या जागेला किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलेत, आणि वर्गणी भरणारे आजोबा असतील तर ४४ धरा. ही वाढ पॅडिंगने करायची, मार्जिनने नाही. मार्जिनवर क्लिक लागत नाही, पॅडिंगवर लागतं. आमच्याकडे एकदा मेनूच्या दुव्यांना सगळी जागा मार्जिनने दिली होती, दिसायला मोकळं आणि बोट लावलं की तीनदा नेम चुकायचा.

आणि सगळ्यांनाच, एफ१२ दाबून इन्स्पेक्टर उघडा हो. एलिमेंटवर माउस नेला की क्रोम मजकूर निळा, पॅडिंग हिरवं, मार्जिन नारिंगी दाखवतं. कोरलमध्ये मोजायची गरज नाही काका. फक्त कोलॅप्स झालेलं असलं तरी तो प्रत्येकाचं मार्जिन पूर्ण दाखवतो, एकावर एक चढलेलं, तेवढं लक्षात ठेवा, नाहीतर परत १२ शोधत बसाल.

शाईचा_डाग · बुधवार, रात्री ९.३५

झालं! बटण टॅग, ०.५ वर, ०.६ खाली. थँक्यू ताई.

आगाऊ_पाहुणा · बुधवार, रात्री ११.००

पॅडिंग-टॉप टक्क्यांत दिलं तर ते उंचीच्या टक्क्यांनी जातं असं कुणाला वाटत असेल तर वाटू द्या. ते रुंदीच्या टक्क्यांनी जातं. मार्जिनचंही तेच. १६ बाय ९ च्या व्हिडिओसाठी जग वर्षानुवर्षं ५६.२५ टक्के पॅडिंग देत आलं ते त्यामुळेच, आता अॅस्पेक्ट-रेशो आहे. माझ्याकडूनही एक कामाची गोष्ट, नोंद घ्यावी.

बांधावरचा · बुधवार, रात्री ११.०४

घेतली.

जुळारी · शुक्रवार, संध्याकाळी ६.४०

मंडळी, पान वर गेलं. शेवटी असं ठेवलंय. सगळ्याला बॉर्डर-बॉक्स. बॉडीला ब्राउझर जे ८ पिक्सेल मार्जिन लावतो ते शून्य. लेखाच्या डब्याला पॅडिंग, वर-खाली जरा कमी, बाजूंना २०. परिच्छेदाला फक्त खाली, १.२ ईएम, शेवटच्या परिच्छेदाला शून्य. उपशीर्षकाला एकट्याला वरही दिलंय, २ ईएम, ते वरच्या परिच्छेदाच्या मार्जिनात कोलॅप्स होतं आणि मोठं ते उरतं, मला तेच हवं होतं, म्हणजे आता कोलॅप्स माझ्या बाजूने काम करतंय. लेखांची यादी ग्रिडमध्ये, गॅप २४. फ्लेक्स लेखातून काढून टाकलं आणि पुराचा तो जुना कृष्णधवल फोटो उजवीकडे फ्लोट केला, डावीकडे १६ मार्जिन, अगदी छापील पानासारखा दिसतो. लेखकांनी काल फोनवर बघितला, शीर्षक मोठ्याने वाचलं, बरोबर वाचलं.

आमच्या कार्यवाहांनी पण बघितलं. म्हणाले छान झालंय, फक्त शीर्षकाच्या वर आणि दोन परिच्छेदांच्या मधे एवढी रिकामी जागा कशाला सोडलीत, तिथे एखादी सराफाची जाहिरात बसेल की.

वेलांटी · शुक्रवार, संध्याकाळी ७.०५

बसवा काका. फक्त तिला मार्जिन-टॉप देऊ नका.